कोकणातल्या घरासाठी स्वस्त ट्रॅक सॉ निवडताना

सवड मिळेल तेव्हा घरच्यापुरते सुतारकाम करणाऱ्या माणसाने स्वस्त ट्रॅक सॉ, म्हणजे धातूच्या सरळ पट्टीवरून (ट्रॅकवरून) सरकत लाकूड कापणारे मशीन, घेताना मोटारीचे वॅट सर्वांत शेवटी पाहावेत. ट्रॅक किती लांबीचा आणि किती सरळ आहे, ब्लेड कोणते आहे आणि या दोहोंचा दुसरा नग आपल्या तालुक्यापर्यंत पोहोचतो का, हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे. कुडाळजवळच्या आमच्या घरी गेली काही वर्षे मी जे मशीन वापरतो ते वायरवर चालणारे, १२०० वॅटचे आणि फारशा न ऐकलेल्या कंपनीचे आहे. खोक्यात ७०० मिलिमीटरचे दोन ट्रॅक, ते जोडायच्या पट्ट्या, दोन शिकंजे आणि एक ब्लेड होते. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण याच रूपाची मशीने वेगवेगळ्या शिक्क्यांखाली विकली जातात आणि त्यांतले गुणदोषही बहुतेक सारखेच असतात.

आपल्याकडे प्लायवूड कापायचे म्हणजे सुतार हातात घेतो ते ११० मिलिमीटर ब्लेडचे कटर मशीन. मुळात ते फरशी आणि संगमरवर कापण्यासाठी बनलेले असते; त्याचा वेग मिनिटाला बारा हजार फेऱ्यांच्या आसपास असतो, आणि लाकडासाठी लागणारे, ब्लेड बाहेर आले की आपोआप मिटणारे झाकण त्याला नसते. कसलेला सुतार त्यावर पट्टी लावून उत्तम कड काढतो, हे मी रोज पाहतो. पण त्या हातामागे रोजचा सराव असतो, आणि महिन्यातून एखादे वेळी मशीन उचलणाऱ्याला तो सराव कधीच मिळत नाही. ट्रॅक सॉ ही उणीव भरून काढतो. ब्लेड मशीनच्या पोटात दडलेले असते, दाबले तरच खाली उतरते आणि सोडले की वर जाते. मशीनचा तळ अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रॅकवरील उंचवट्यावर बसतो आणि डावी-उजवीकडे हलू शकत नाही. ट्रॅकच्या कडेला चिकटवलेली रबरी पट्टी रेघेवर ठेवली की बरोबर तेथेच काप जातो. जर्मनीतील फेस्टो कंपनीने, म्हणजे आजच्या फेस्टूलने, १९६०च्या दशकात मार्गदर्शक ट्रॅकची ही पद्धत बाजारात आणली, आणि आजही सगळे ट्रॅक सॉ मूलतः त्याच कल्पनेवर चालतात.

घ्यायचा की नाही हे ठरवताना आपल्या घरी खरोखर कोणती कामे निघतात ते आधी पाहिले पाहिजे. आमच्याकडे ती तीन प्रकारची असतात. पहिले प्लायवूडचे: कपाटाची दारे, मांडणी, देवघर, गणपतीचे मखर. दुसरे पावसात फुगलेल्या दारांचे. तिसरे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे, वादळांत पडलेल्या झाडांच्या फळ्यांचे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडे आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या बाजूला फणस आणि आंबे आडवे झाले, त्यांतले बरेच सॉ मिलमध्ये चिरून आणलेले लाकूड अजून अनेकांच्या माळ्यावर पडून आहे. अशा फळीची एक कड सालीसकट वेडीवाकडी असते आणि ती सरळ करण्यासाठी टेबल सॉवर, म्हणजे मेजातून ब्लेड वर आलेल्या मशीनवर, टेकवायला सरळ बाजूच नसते. ट्रॅक सॉ मात्र फळीच्या कडेवर अवलंबून नसतो; ट्रॅक फळीवर हवा तसा ठेवला, शिकंजे कसले की एका कापात सरळ कड मिळते. केवळ या एका कामासाठीसुद्धा हे मशीन घरी असावे असे मला वाटते.

दारांबाबत मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. लाकूड फुगते ते तंतूंच्या आडव्या दिशेने. लांबीत ते जवळजवळ वाढतच नाही. म्हणून जुलैत अडणारे सागवानी किंवा फणसाचे दार बहुधा खाली नव्हे, तर कडीच्या बाजूला अडते. ते त्याच महिन्यात ट्रॅक लावून कापले, तर मार्चमध्ये चौकट आणि दार यांच्यामध्ये बोटभर फट दिसते. पावसात अडचण फारच असेल तर रंध्याने थोडेसे उतरवावे आणि सॉ लावायचा तो दिवाळीनंतर, दार पुरते वाळल्यावर.

आता ट्रॅकच्या लांबीचा हिशेब. प्लायवूडचा पूर्ण तक्ता आठ बाय चार फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरचा असतो. तक्ता आडवा कापण्यासाठी १२२० मिलिमीटर पुरेसे वाटतात, पण मशीनचा तळ कापाच्या आधी ट्रॅकवर पुरता टेकलेला आणि काप संपल्यावरही टेकलेलाच असावा लागतो, म्हणून १४०० मिलिमीटर हे किमान माप धरावे. उभ्या कापाला याच न्यायाने २७०० ते २८०० मिलिमीटर लागतात. स्वस्त संचात ७०० चे दोन तुकडे मिळतात, म्हणजे आडवा काप जेमतेम भागतो आणि तोही मधल्या सांध्यावरून. उभ्या कापासाठी असे चार तुकडे आणि तीन सांधे होतात, आणि प्रत्येक सांधा हा बाक येण्याची एकेक जागा असतो. माझ्या संचातील जोडपट्टीचे स्क्रू आवळताना एक तुकडा किंचित उचलला जाई आणि सांध्यावरून जाताना मशीन हलके ठेचकाळे. कडेवर त्या जागी केसाएवढी पायरी उमटे. खिडक्या बनविणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनियमची सरळ चौकोनी नळी आणून ती दोन्ही तुकड्यांच्या उंचवट्याला टेकवून, मग स्क्रू थोडेथोडे आळीपाळीने आवळले, तेव्हा ती पायरी गेली. तरीही माझा सल्ला असा की संचात दोन तुकडे फुकट मिळत असले, तरी अखंड १४०० चा ट्रॅक मिळणारे मशीनच निवडावे, मग त्यासाठी मोटार थोडी लहान घ्यावी लागली तरी चालेल.

अखंड ट्रॅकची अडचण वाहतुकीची आहे. जवळपास पाच फूट लांबीचे खोके मुंबईहून किंवा कोल्हापूरहून कुरिअरने येताना कोठे उभे ठेवले जाईल आणि त्यावर काय लादले जाईल याचा नेम नसतो. म्हणून ट्रॅक हातात आल्या दिवशीच, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, तो तपासावा. सपाट तक्त्यावर ट्रॅकच्या मागच्या धातूच्या कडेने बारीक पेन्सिलीने रेघ ओढावी, मग ट्रॅक टोकाला टोक बदलून रेघेच्या दुसऱ्या बाजूला न्यावा, तीच कड रेघेच्या दोन्ही टोकांना लावावी आणि पुन्हा रेघ ओढावी. दोन रेघा एकमेकींवर बसल्या तर ट्रॅक सरळ आहे. मध्ये फट दिसली तर त्या फटीच्या निम्मा बाक ट्रॅकमध्ये आहे. महाग मोजपट्टी न घेता होणारी ही परीक्षा आहे आणि ती दुकानातही करता येते.

मशीन काटकोनात कापते का हेही अशाच रीतीने पाहावे. १८ मिलिमीटरच्या प्लायची एक पट्टी कापावी, दोन तुकड्यांपैकी एक पालथा करावा आणि कापलेल्या कडा सपाट फरशीवर एकमेकींना भिडवाव्यात. वर किंवा खाली पाचरीसारखी फट राहिली तर ती चुकीच्या दुप्पट असते. माझ्या मशीनमध्ये अशी फट होती, परंतु तळाशी असलेले दोन टेकूचे स्क्रू फिरवून ती घालवता आली. ज्या मशीनला असे स्क्रूच नाहीत ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. तसेच तळ आणि ट्रॅकचा उंचवटा यांतला खेळ कमीजास्त करणारी चाके आहेत का ते पाहावे. ती दोन असतात, आणि मशीन सहज सरकेल पण बाजूला मुळीच हलणार नाही इतपत ती आवळायची असतात.

ट्रॅकवरील रबरी पट्टीचे महत्त्व नव्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. ती नवीन असताना ब्लेडच्या रेषेपेक्षा थोडी पुढे असते. पहिला काप घेताना मशीन स्वतःच तिला आपल्या ब्लेडच्या मापाने छाटते. त्यानंतर ती पट्टी म्हणजेच कापाची रेषा, आणि तीच पट्टी प्लायचा वरचा पापुद्रा दाबून धरत असल्याने कपच्या उडत नाहीत. एकाच ट्रॅकवर शेजाऱ्याचे वेगळे मशीन चालवले, तर त्याचे ब्लेड एक मिलिमीटर आत असले तरी आपली पट्टी कायमची बिघडते. म्हणून बदलण्याची पट्टी मीटरवर सुटी मिळते का हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. मुंबई-पुण्यात हा प्रश्न कोणाला पडत नसेल, पण आपल्या भागात एका पट्टीसाठी काम पंधरवडाभर अडून राहते.

नामांकित मशीनशी तुलना केल्याशिवाय स्वस्ताची किंमत ठरत नाही. मकिताचे एसपी ६००० हे १३०० वॅटचे असून त्याला १६५ मिलिमीटरचे ब्लेड लागते आणि ते काटकोनात ५६ मिलिमीटर खोल कापते. बॉशचे जीकेटी ५५ जीसीई १४०० वॅटचे, ब्लेड तेवढेच आणि खोली ५७ मिलिमीटर. फेस्टूलच्या टीएस ५५ मालिकेत ब्लेड १६० मिलिमीटरचे आणि खोली ५५ मिलिमीटर आहे. म्हणजे कापण्याची ताकद आणि खोली यांत फार अंतर नाही; माझे मशीनही कागदावर ५५ मिलिमीटर सांगते. अंतर आहे ते वेग टिकवून धरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत, खाली-वर होणाऱ्या भागाच्या मऊपणात आणि मुख्यतः ट्रॅकच्या कुळात. मकिता आणि फेस्टूल यांची मशीने एकमेकांच्या ट्रॅकवर चालतात, आणि बऱ्याच परवडणाऱ्या कंपन्यांनी हाच आकार स्वीकारलेला आहे. बॉश आणि माफेल यांचा आकार वेगळा, पण त्या दोघांचा आपापसांत जमतो. आपले स्वस्त मशीन यांपैकी एका कुळात बसत असेल, तर उद्या मशीन जळाले तरी ट्रॅक उपयोगी राहतो आणि लांब ट्रॅक चांगल्या कंपनीचा घेता येतो. कुठल्याच कुळात न बसणारे मशीन त्याच्या खोक्यातल्या ट्रॅकबरोबरच संपते. ट्रॅकसह नामांकित मशीन माझ्या वीस हजारांच्या मर्यादेबाहेर जात होते, म्हणून मी स्वस्ताकडे वळलो. मात्र ज्याला घराचे सगळे फर्निचर स्वतः करायचे आहे त्याने आणखी काही महिने पैसे साठवून मकिता किंवा बॉश घ्यावे, असे मी निःसंकोच सांगेन. किंमत विचारताना १८ टक्के जीएसटी धरून आणि ट्रॅक धरून विचारावी, कारण ही मशीने पुष्कळदा ट्रॅकशिवायच्या किमतीत दाखवली जातात.

ब्लेडवर मात्र काटकसर करू नये. स्वस्त संचात बहुधा २४ दात्यांचे ब्लेड येते, जे फळी तंतूंच्या दिशेने उभी चिरायला बरे. प्लायवूड आणि सनमायका लावलेल्या तक्त्यासाठी ४८ दात्यांचे कार्बाइड ब्लेड हवे. माझ्या मशीनच्या कापात सर्वाधिक फरक पडला तो ब्लेड बदलल्यावर. व्यास १६० की १६५ आणि मधले भोक २० मिलिमीटरचे आहे ना, हे पाहूनच मशीन घ्यावे, कारण या मापाचे ब्लेड अनेक कंपन्या बनवतात. जुन्या घराचे वासे किंवा फळ्या कापायच्या असतील तर आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत. एका गंजक्या खिळ्याने कार्बाइडचे दाते उडतात. फणसाचे लाकूड पुरते वाळलेले नसेल तर त्याचा चीक दात्यांवर चढतो आणि ब्लेड बोथट झाल्यासारखे वागते. ते फेकण्याआधी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासावे, पुसून कोरडे करावे. बहुतेक वेळा धार शाबूत असते.

दोन इंची फळीबाबत सावध राहायला हवे. ५५ मिलिमीटर ही खोली ट्रॅकशिवायची असते. ट्रॅकची सुमारे पाच मिलिमीटर जाडी वजा केली की हातात पन्नासच उरतात, आणि सॉ मिलमधून आलेली दोन इंची फळी क्वचितच नेमकी दोन इंच असते. पन्नासच्या आत बसणारी फळी दोन टप्प्यांत, आधी निम्म्या खोलीने आणि मग पूर्ण खोलीने कापावी. ओलसर फळीच्या पोटात ताण असतो. कापताना फट मिटते, ब्लेड चिमटीत सापडते आणि मशीन ट्रॅकवरून मागे उसळते. हे टाळण्यासाठी ब्लेडमागे एक पातळ पोलादी पट्टी असते, जिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती फेस्टूलच्या टीएस ५५ ला आहे, मकिताच्या एसपी ६००० ला नाही, म्हणून ती असणे-नसणे किमतीवरून ओळखता येत नाही. ज्याला मुख्यतः चिरलेल्या फळ्यांवर काम करायचे आहे त्याने ती असलेले मशीन शोधावे. नसेल तर कापलेल्या भागात लाकडी पाचर हलकेच बसवून पुढे जावे आणि मशीनच्या थेट मागे कधीही उभे राहू नये.

विजेचा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. १३०० वॅटचे मशीन २३० व्होल्टवर पावणेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढते, म्हणजे घरातला साधा सहा अँपिअरचा सॉकेट त्याच्या मर्यादेवरच असतो. खळ्यात किंवा पडवीत काम करण्यासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट घालून घ्यावा, आणि लांब वायर लागत असेल तर ती २.५ स्क्वेअर एमएमची असावी. पातळ वायरीत आणि पडलेल्या व्होल्टेजवर मोटार मंदावते, आपण नकळत जोर लावतो आणि कड काळी पडते. मग लोक ब्लेडला दोष देतात. ओल्या खळ्यात काम होत असल्याने ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असणे मी अत्यावश्यक मानतो. वादळानंतर दिवसेंदिवस वीज नसते म्हणून बॅटरीवरचे मशीन घ्यावे असा मोह होतो, पण वर्षातून थोडेच दिवस वापरणाऱ्याच्या बॅटऱ्या दमट उष्म्यात नुसत्या पडून राहूनही क्षीण होतात, आणि नव्या बॅटऱ्यांचा खर्च स्वस्त मशीनच्या जवळ जातो. वायरच बरी.

खाऱ्या हवेत ट्रॅक तांबेरत नाही, पण त्यावर पांढरे डाग पडतात. मशीनचे आतले दांडे, स्प्रिंग आणि ब्लेड मात्र एका पावसाळ्यात गंजतात. काम झाल्यावर भुसा झटकून, धातूवर शिवणयंत्राच्या तेलाचे बोट फिरवून, मशीन झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. ट्रॅक भिंतीला टेकवून उभा ठेवू नये, आडवा ठेवावा किंवा टोकाच्या भोकातून खिळ्याला सरळ लटकवावा. ट्रॅकच्या खालच्या काळ्या पट्ट्यांवर भुसा बसला की तो घसरतो, म्हणून प्रत्येक वेळी त्या ओल्या फडक्याने पुसाव्यात.

भुशाबद्दल स्वस्त मशीनच्या जाहिरातीत फार काही लिहिलेले नसते. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली पहिल्या गटात नोंदवलेले आहे. ट्रॅक सॉचे झाकण बंद असल्याने व्हॅक्यूम जोडला तर बहुतेक धूळ तेथेच ओढली जाते, आणि कटर मशीनपेक्षा हा त्याचा फार मोठा फायदा आहे. माझ्या मशीनचे तोंड घरच्या व्हॅक्यूमच्या नळीला बसत नव्हते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून दोन्ही जोडले आणि तो सांधा आजही टिकून आहे. एन ९५ मास्क तरीही लावावा, विशेषतः पावसात दारे-खिडक्या बंद करून काम करताना.

ज्याला वर्षाकाठी प्लायचा एखादाच तक्ता कापायचा आहे त्याने ट्रॅक सॉ घेऊच नये. त्याला साधा सर्क्युलर सॉ, म्हणजे ट्रॅकशिवाय हातात धरून चालवायचे गोल ब्लेडचे मशीन, आणि घरी केलेली मार्गपट्टी पुरेल: सहा मिलिमीटरच्या प्लायच्या रुंद पट्टीवर बारा मिलिमीटरची सरळ पट्टी चिकटवायची, तिला मशीनचा तळ टेकवून एकदा काप घ्यायचा, की खालची पट्टी ब्लेडच्या रेषेवर छाटली जाते आणि तिची कडच कापाची खूण होते. यासाठी आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लाय वापरावे. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुग्याचा दाबून केलेला तक्ता, आपल्या हवेत फुगून वाकतो. आठ फूट लांबीची अशी पट्टी मी उभ्या कापासाठी आजही वापरतो, आणि ट्रॅक जोडण्यापेक्षा ती मला भरवशाची वाटते. एवढ्या कमी कामाला हीसुद्धा खटपट नको असेल, तर ज्या प्लायच्या दुकानात पॅनेल सॉ, म्हणजे पूर्ण तक्ता कापणारे मोठे मशीन, आहे तेथे तक्त्याचे उभे काप करून मिळतात. ट्रॅक सॉ असलेल्यालाही हे सोयीचे: घरी आडवे काप तेवढे उरतात, आणि ते १४०० च्या अखंड ट्रॅकवर अगदी नीट होतात.